दोन साके

खताच्या कारखान्यातील सांडपाणी निवळले म्हणजे प्रश्न मिटला, ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी माझ्या मते ती अपुरी आहे. कारण पाण्यातून जे द्रव्य आपण वेगळे करतो ते नाहीसे होत नाही, ते टाकीच्या तळाशी जाऊन बसते, आणि तेथून पुढे त्याची तजवीज करण्याची जबाबदारी नव्यानेच उभी राहते. पश्चिम किनाऱ्यावरील स्फुरदयुक्त खताच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून माझी बहुतेक कारकीर्द या तळाशी बसलेल्या गाळाच्या सान्निध्यात गेली, आणि निवृत्तीनंतर हुबळीच्या केशवापुरातील वडिलार्जित घरी येऊन राहिलो तरी त्याचा विचार सुटला नाही.

ज्या खडकापासून हे खत होते त्यात स्फुरदाबरोबर शेकडा ३ ते ४ इतके फ्लोरीन असते. गंधकाम्लाने खडक फोडला की त्या फ्लोरीनचा काही अंश वायुरूपाने निघतो, धुण्याच्या पाण्यात उतरतो, आणि ते अतिशय आम्लधर्मी पाणी आमच्या विभागाकडे येते. त्यावर चुन्याच्या निवळीचा उपाय जुनाच आहे. परंतु चुना एकदम न घालता दोन टप्प्यांनी घालावा, यात त्या उपायाचे सारे मर्म साठवलेले आहे. सामू साडेतीन-चारच्या आसपास आला की बहुतांश फ्लोराइड कॅल्शियमशी संयोग पावून साका धरते, आणि स्फुरद मात्र बऱ्याच अंशी पाण्यातच राहते. हा पहिला साका बाजूस काढून मग सामू आणखी चढवला, की कॅल्शियम फॉस्फेट खाली बसते. पहिला साका जपून सांभाळण्याचा, दुसरा पुन्हा खतात घालण्याजोगा.

माझ्या उमेदीच्या काळात खर्चाची काटकसर म्हणून या दोन टप्प्यांचे, दोन टाक्यांत होणारे काम काही वर्षे एकाच टाकीत उरकण्याचा शिरस्ता पडला होता. बाहेर पडणारे पाणी नियमांच्या कसोटीस उतरे, नोंदवहीत आकडे समाधानकारक भरले जात, आणि त्यामुळे कोणासही त्यात वावगे दिसत नसे. परंतु फ्लोराइड आणि स्फुरद एकमेकांत कालवलेला तो राखाडी गाळ ना दाणेदार खताच्या विभागास चाले, ना अन्य कोणास, आणि दर पावसाळ्यापूर्वी त्याच्या ढिगावर आच्छादन घालण्याकरिता मजुरांची धावपळ होई. दोन्ही मार्गांचा जमाखर्च मांडून मी वरिष्ठांकडे अहवालामागून अहवाल पाठवीत राहिलो. अखेर दुसरी टाकी पुन्हा चालू झाली, आणि तिच्या तळचा गाळ दाबयंत्रातून पिळून दाणेदार खताच्या मिश्रणात जाऊ लागला, त्या दिवसाचा आनंद मला आजही शब्दांत मांडता येत नाही.

याच उद्योगातील सर्वांत मोठा अवशेष म्हणजे खडक फोडताना उरणारे फॉस्फोजिप्सम. फॉस्फरिक आम्लातील स्फुरदाच्या प्रत्येक टनामागे तो सुमारे ५ टन निघतो. मुंबईच्या तुर्भे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने या जिप्समात काचतंतू मिसळून घरांच्या पोकळ भिंती ओतण्याचा प्रकल्प उभारला. त्याच कारखान्याने मुंबईचे मैलापाणी घेऊन, त्यातून रोज सुमारे दीड कोटी लिटर पाणी शुद्ध करून यंत्रांसाठी वापरण्याची व्यवस्थाही केली. अशा कामांची वाखाणणी आपल्याकडे फार कमी होते, याचे मला वाईट वाटते.

टाकाऊ द्रव्याच्या अशा उपयोगात हुबळी-धारवाडच्या आसपासचा शेतकरीही नवखा नाही. नगरपालिकेचे कचऱ्याचे खड्डे येथे लिलावाने विकले जात, आणि ते मुरलेले खत कुणबी स्वखर्चाने शेतावर नेत. त्यात काच आणि प्लास्टिक येऊ लागले तेव्हापासून ही मागणी ओसरली. खत तेच होते, परंतु मिसळल्याने त्याची किंमत गेली.

अलीकडे कुंदगोळकडील एक परिचित भुईमुगासाठी हे खतकारखान्यातले जिप्सम घ्यावे की नाही हे विचारण्यास आला. आऱ्या जमिनीत शिरल्यावर शेंग आपल्याला लागणारे कॅल्शियम मुळांवाटे न घेता कवचातून थेट मातीतून घेते, म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास झाडाच्या बुंध्याशी जिप्सम देण्याची शिफारस आहे, हे मी त्याला समजावले.

“पण काका, हा कारखान्याचा माल. जमिनीला बाधणार तर नाही ना?” त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. खडकासोबत कॅडमियम आणि अल्प प्रमाणात रेडियमही येते, आणि कोणत्या देशाचा खडक वापरला यावर त्यांचे प्रमाण ठरते. “विक्रेत्याकडून पृथक्करणाचा दाखला मागून घ्या,” मी म्हणालो, “आणि मला आणून दाखवा.”

तो दाखला घेऊन आला तेव्हा त्यात ओलावा, गंधक, फ्लोराइड यांचे आकडे होते, कॅडमियमचा उल्लेख नव्हता. मी त्याच्या नावाने विक्रेत्यास पत्र लिहून दिले, आणि उत्तर येईपर्यंत एकरी २०० किलोचा हिशेब बाजूस ठेवून बांधाकडील चार गुंठ्यांपुरतेच जिप्सम टाकावे, असे आमचे ठरले.