समान गाणे, असमान मोल

एकाच वस्तूचे मोल सर्वांना सारखे असावे, असे वरकरणी कोणालाही वाटेल. महसूल खात्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास मात्र ते तितकेसे पटत नाही. काळ्या कसदार रानास आणि बरड जमिनीस एकच सारा लावला तर ती समता नव्हे, अन्याय होय, हे त्या खात्यातील पहिले पाठ. त्यामुळे आंतरजालावरून गाणी ऐकविणाऱ्या कंपन्या देशोदेशी निरनिराळी वर्गणी घेतात, हे कळल्यावर मला नवल वाटले नाही.

स्वीडनमध्ये जन्मलेली स्पॉटिफाय ही कंपनी फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. एका व्यक्तीची मासिक वर्गणी तिने येथे ११९ रुपये ठेवली. अमेरिकेत तेव्हा ती ९.९९ डॉलर, म्हणजे सुमारे ७०० रुपये होती. पुढे दोन्हीकडे दर वाढले. अंतर काही मिटले नाही.

आपणा मोहगावकरांना यात आणखी एक गोष्ट जाणवेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून मुलांच्या शाळेपासून नोकरीपर्यंत ती सीमा आपणांस पदोपदी भेटत आली. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तरी ती हलली नाही. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राच्या ध्वनिलहरींनी मात्र ती कधी मानली नाही, आणि या वर्गणीसही ती ठाऊक नाही. नागपुरात जो दर, तोच मोहगावात. भेद आहे तो देशांच्या सीमेवर.

त्या सीमेचा प्रश्न माझ्या घरीच उभा राहिला. न्यू जर्सीस असलेल्या माझ्या पुतण्याने दूरध्वनीवर सुचविले, "काका, तुमच्या पत्त्यावर माझे खाते उघडून द्या. पैसे मी पाठवीन." त्याचा हिशेब चोख होता. मी नकार दिला. "एवढ्याशा रकमेसाठी?" असे तो म्हणाला, आणि काही दिवस आमच्या बोलण्यात अवघडलेपणा राहिला.

माझ्या नकाराचे कारण केवळ नियम हे नव्हते. या व्यवहारात जमलेल्या रकमेचा सुमारे दोनतृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कदारांकडे जातो, आणि त्याची वाटणी त्या त्या देशातील जमेतून, तेथे कोणते गाणे किती वेळा ऐकले गेले त्या प्रमाणात होते. म्हणजे न्यू जर्सीत तेथील वर्गणी भरून ऐकलेले मराठी गीत आपल्या गायकास येथल्यापेक्षा अधिक देऊन जाते. पुतण्याची बचत कंपनीच्या खिशातून जितकी, तितकीच त्या गायकाच्या ताटातूनही झाली असती. सवलत ज्याच्या ऐपतीसाठी आहे त्यानेच ती घ्यावी. बरड जमिनीचा सारा भरून काळे रान कसणारा आमच्या खात्यात गुन्हेगार ठरे.

मात्र कंपनीलाही एक विचारावेसे वाटते. २०२४ पासून स्पॉटिफायवर जे गाणे मागील १२ महिन्यांत १००० वेळा ऐकले गेले नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणास काहीच मोबदला मिळत नाही. हा उंबरठा लंडनच्या वाद्यवृंदास आणि सौंसरकडच्या एखाद्या भजनी मंडळास एकच. वर्गणी ठरविताना ज्यांना देशोदेशीची ऐपत दिसते, त्यांना उंबरठा ठरविताना लहान भाषेचा, थोड्या श्रोत्यांचा विचार का सुचू नये? आमच्या जमाबंदीत जमिनीचा कस पाहून सारा ठरे, आणि पीक बुडाले तर सूटही मिळे. येथे सूट ऐकणाऱ्यास आहे, गाणाऱ्यास नाही.

तोवर आपल्या हाती एवढेच आहे. आपल्या भागातील कोणी आपले गाणे तेथे ठेवले असेल, तर ते शोधून ऐकावे, आणि परदेशी असलेल्या मुलानातवंडांनाही त्यांच्या तेथील वर्गणीवर ऐकावयास सांगावे. हजाराचा आकडा मोठ्या गावास क्षुल्लक असेल. आपणांस तो घरोघरी मोजूनच गाठावा लागेल.