आत्याबाईंची पंचक्रोशी आणि आमची नोव्हा

काशीला निघालेल्या माणसाला महाराष्ट्रात सगळे सांगतात, चालायची सवय ठेवा. ते खरंच आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूला, जिथं पिढ्यान् पिढ्या मराठी घरं नांदली, तिथं गल्ली इतकी अरुंद की समोरून नंदी आला तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. मोटार मैदागिनला नाहीतर गोदौलियाला थांबते, पुढची काशी पायी. पण तिच्याभोवती दुसरी एक ऐसपैस काशी आहे. सारनाथ आहे, नदीपलीकडचं रामनगर आहे, हिंदू विश्वविद्यालय आहे, जरा लांब विंध्याचल आणि प्रयाग आहे. तिथं चाकं लागतात. शिवाय वाराणसीत राहणाऱ्या मराठी घरात बाराही महिने पाहुणे, आणि त्यातले निम्मे गुडघे धरून चालणारे. म्हणून आम्ही 2005 साली मोटार घेतली.

घेतली म्हणजे वापरलेली घेतली. 1994 ची पांढरी नोव्हा. नाव नवं असलं तरी ती अॅम्बेसिडरच. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि 1958 पासून कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला अॅम्बेसिडर म्हणून घडलेली. आमच्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती. एका निवृत्त प्राध्यापकांनी वापरलेली. त्यांनी किल्लीबरोबर एक जाड वहीही हातात ठेवली. कोणत्या तारखेला काय बिघडलं, कोणता भाग घातला, किती किलोमीटरवर ऑईल बदललं, सगळं सुवाच्य अक्षरात. मला विचाराल तर जुनी गाडी घेताना रंग आणि टायर नंतर पाहावेत, आधी अशी वही आहे का ते विचारावं. बहुतेक ठिकाणी नसते. जिथं असते तिथं दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

गाडी बहुतेक वेळा मी चालवते. दुरुस्तीत लक्ष ह्यांचं. आणि दोघांच्याही आवाक्याबाहेरचं काही निघालं की आमचे मिस्त्री. हे मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वी पाच मिनिटं नुसते ऐकतात. तोंडात पान असल्यामुळे तोवर बोलण्याचा प्रश्नच येत नाही.

काशीची हवा मोटारीला मानवणारी नाही. डिसेंबर-जानेवारीत धुकं असं दाटतं की घराच्या फाटकातून रस्ता दिसत नाही, आणि गारठलेलं इंजिन चोक ओढल्याशिवाय दाद देत नाही. पावसाळ्यात गोदौलियाला पाणी साचतं. या गोदौलियाचं नाव गोदावरीवरून पडलं असं इथले जाणते सांगतात. गोदावरीचं रूप मानलेला एक ओढा पूर्वी इथून वाहत जाऊन दशाश्वमेधाजवळ गंगेला मिळायचा, पुढं त्यावर रस्ता झाला. आमच्या नाशिकच्या पाहुण्यांना हे सांगितलं की गाडीच्या खिडकीतूनच हात जोडतात. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी असेल तर मी मात्र हात न जोडता गाडी मागं घेते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल गेली तर कोरड्या फडक्यानं पुसून काम भागतं, पण हवेच्या वाटेनं इंजिनात पाणी शिरलं आणि आपण सेल्फ मारत बसलो तर आतला दांडा वाकतो, आणि मग खर्चाला अंत नाही.

रेडिएटरचं पाणी ही इथली आणखी एक डोकेदुखी. बोअरचं पाणी जड. ते वर्षभर घातलं की आतल्या बारीक नळ्यांत चहाच्या किटलीसारखा पांढरा थर धरतो. एका मावशींनी गंगाजल घाला म्हणून फार आग्रह केला होता. श्रद्धा मोठी, पण पावसाळ्यातल्या गंगेतला गाळही मोठा. आम्ही बाजारातलं कूलंट घालतो.

या सगळ्यांवर वरताण म्हणजे उन्हाळा. मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो आणि दुपारी लू सुटते. या जुन्या इंजिनांत पेट्रोल ओढणारा छोटा पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला असतो. रहदारीत गाडी रांगत चालली की पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही आणि गाडी भर रस्त्यात गप्प. यावर जुन्या लोकांचा उपाय ओल्या फडक्याचा. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवायचं, वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. म्हणून उन्हाळ्यात आमच्या डिकीत पाण्याची कळशी आणि जुन्या धोतराचे तुकडे असतात.

पंचवीस कोसांची वाट

2018 च्या मे महिन्यात अधिक ज्येष्ठ लागला आणि वाईहून आत्याबाई आल्या. ह्यांच्या आत्या, वय एक्याऐंशी. त्यांच्या आईनं फार वर्षांपूर्वी अधिक महिन्यात पंचक्रोशी पायी केली होती. आत्याबाईंना ती एकदा करायची होती. गुडघ्यांनी तर केव्हाच राजीनामा दिलेला.

पंचक्रोशी म्हणजे काशीक्षेत्राची प्रदक्षिणा, परंपरेनं पंचवीस कोस, सुमारे 80 किलोमीटर. मणिकर्णिकेवर स्नान आणि संकल्प करून निघायचं, वाटेत कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम, आणि वरुणासंगमावरून पुन्हा मणिकर्णिका. वाटेवर 108 देवस्थानं सांगतात. बंगालच्या राणी भवानीनं अठराव्या शतकात या रस्त्याची डागडुजी केली होती. हल्ली पुष्कळ लोक वाहनानं एका दिवसात उरकतात. अट एकच, प्रदक्षिणा मध्ये मोडायची नाही.

ह्यांनी नवी थंडगार भाड्याची गाडी ठरवायची तयारी केली, तर आत्याबाई म्हणाल्या, "अरे, त्या गाड्यांत वाकून शिरावं लागतं. एकदा बसले की मला उठवायला दोन माणसं लागतील. तुझ्या या गाडीत मी आपल्या ओसरीवर बसावं तशी बसते." ते खरं होतं. नोव्हाचं आसन उंच, दार रुंद, पुढचं बाकडं सलग. आमच्या घरी नवी छोटी गाडी आजवर आली नाही त्याचं निम्मं कारण हे आसनच आहे. पण चोवीस वर्षांची गाडी, मे महिना, आणि मध्ये मोडता न येणारी प्रदक्षिणा. आदल्या रात्री मला झोप लागली नाही.

पहाटे संकल्प झाला, सहाला अस्सीवरून निघालो. कंदव्याचं कर्दमेश्वर मंदिर कुणी चुकवू नये. बारा-तेराव्या शतकातलं, वाराणसीत आज उभ्या असलेल्या मंदिरांत सर्वांत जुनं मानलं जाणारं, शेजारी शांत तलाव. विश्वनाथाच्या गर्दीत घामाघूम झालेल्या पाहुण्यांना मी मुद्दाम इथं आणते. तिथून भीमचंडी. रस्त्यावर अनवाणी यात्रेकरूंची रीघ, डोक्यावर गाठोडी, बायकांच्या तोंडी भोजपुरी गाणी. त्यांच्यामागून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आम्ही. तापमानाचा काटा हळूहळू वर.

भीमचंडी ते रामेश्वर हा सर्वांत लांब टप्पा. त्याच्या मध्यावर, साडेदहाच्या सुमाराला, गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली.

ओलं फडकं ठेवलं. अर्धा तास गेला. सेल्फ मारला, काही नाही. मग ह्यांनी क्रमानं पाहायला सुरुवात केली. एक प्लग काढून, इंजिनाला टेकवून सेल्फ मारला, ठिणगी चांगली निळी. म्हणजे विजेचा दोष नाही. कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडवली, तर पेट्रोल येत नव्हतं, आणि आता गाडी गार झाल्यामुळे वाफेचं कारणही उरलं नव्हतं. शेवटी पंपाच्या खालच्या बारीक छिद्राला बोट लावलं, बोट ओलं. पेट्रोलचा वास. पंपाच्या आतला रबरी पडदा फाटला होता.

एरवी इथंच प्रदक्षिणा मोडली असती. पण वहीत प्राध्यापकांनी लिहून ठेवलं होतं की पडदा पूर्वीही एकदा मे महिन्यातच गेला होता, तेव्हा उन्हाळ्यात जोडीचा पंप बरोबर असावा. त्या दोन ओळींमुळे आमच्या डिकीत पंप होता. दोन नट आणि दोन नळ्या, एवढंच काम. पण तापलेल्या इंजिनात हात घालून ते करायला ह्यांना पाऊण तास लागला. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल खाली ऑईलमध्येही उतरू शकतं, तसं झालं तर ऑईल पातळ होऊन इंजिन खातं. म्हणून दांडी काढून वास घेतला. ऑईल शुद्ध होतं.

हे सगळं चालू असताना आत्याबाई शेजारच्या कडुनिंबाखाली. गावातल्या बाईनं खाट आणून टाकली, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. तिची भोजपुरी यांना कळेना, यांची मराठी तिला. तरी गुडघ्यांवरून दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मी जाऊन म्हटलं, "आत्याबाई, नाहीच झाली चालू तर?" त्या म्हणाल्या, "थांबलीय ना नुसती, मागं तर नाही वळली. माझी आई पाच दिवस चालली, मी पाच तास बसेन."

पावणेबाराला इंजिन लागलं. रामेश्वरला वरुणेच्या काठी दर्शन झालं, दुपार तिथल्या धर्मशाळेत काढली. ऊन कलल्यावर शिवपूर, कपिलधारा, आणि दिवेलागणीला आदिकेशवाच्या घाटावरून नावेनं मणिकर्णिका. नावेत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र आधी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, मग चहा घेतला.

कागद, पेट्रोल आणि सुटे भाग

हे वाचून कुणी उठून जुनी मोटार घ्यायला जाऊ नये. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत, मागचे पट्टे आम्ही नंतर बसवून घेतले, आणि पावसाळी रात्री महामार्गावर मी ती नेत नाही. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्यानं तर हा नाद करूच नये. पण वापर थोडा असला तरी ती उभी ठेवूनही चालत नाही. रामनगरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात राजघराण्याच्या जुन्या मोटारी आहेत. पाहुण्यांबरोबर एकदा मिस्त्रीही आले होते. त्या मोटारींकडे पाहून म्हणाले, "भाभीजी, खडी गाडी को बीमारी जल्दी पकड़ती है." तेव्हापासून आठवड्यातून एकदा सारनाथपर्यंत तरी फेरी होते.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. देशात शिसं घातलेलं पेट्रोल 2000 साली बंद झालं. हवेसाठी ते चांगलंच झालं, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हना त्या शिशाचा आधार असायचा. हेड उघडलं तेव्हा आम्ही कठीण धातूची बैठक बसवून घेतली. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीच्या रबराचे घातले.

मग कागद. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. हे शुल्क मोटारीला 600 रुपये होतं, एप्रिल 2022 पासून 5000 झालं, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना 10,000. आमची वेळ 2024 मध्ये आली. पुण्याचा मुलगा फोनवर रोज एकच सांगे, भंगारात द्या, सरकारी योजना आहे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ह्यांची सत्तरी जवळ आलेली, मिस्त्रींना चष्मा लागलेला, आणि अॅम्बेसिडरचं उत्पादन 2014 सालीच थांबलेलं. मुंबईच्या फियाट टॅक्सी, त्या पद्मिनी, 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्याच की. दोन दिवस घरात चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंचा वाईहून फोन आला. त्यांना कुणी काही सांगितलं होतं की काय कोण जाणे. म्हणाल्या, "कार्तिकात येतेय. गाडी आहे ना?"

ब्रेक, दिवे, भोंगा, धूर, सगळं तपासून घेऊन गाडी परिवहन कार्यालयात नेली. 2029 पर्यंतचा कागद मिळाला. त्या कार्तिकात आत्याबाई येऊन, सारनाथ करून गेल्या.

सध्या पुढच्या चाकाचे किंगपिन झिजलेत, स्टिअरिंग डावीकडे ओढतं. वाराणसीत ते मिळाले नाहीत. कोलकात्याच्या मलिक बाजारात मिस्त्रींच्या ओळखीचा एक दुकानदार आहे, त्यानं जोडी सापडल्याचं कळवलंय आणि पार्सल रेल्वेनं निघालंय. तोवर गाडी अंगणात आहे. रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू करून मी बंद करते, आणि वहीत तारीख घालते.