घरांतील मुंग्या

मुंगी म्हणून एकच प्राणी आहे असें समजून तिचा बंदोबस्त करूं जाणें, हें निदान न करितां औषध देण्यासारखें आहे. गेल्या ज्येष्ठांत आमच्या स्वयंपाकघरांत मुंग्यांचा असा सुळसुळाट झाला कीं, अकरा माणसांच्या घरांत दोन पक्ष पडले. मातोश्रींनीं सूनबाईच्या झाडलोटीवर ठपका ठेविला. सूनबाईनें बाजारांतून विषारी खडू आणून ओट्यापासून उंबरठ्यापर्यंत रेघा ओढिल्या. नऊ महिन्यांचा आमचा नातू त्याच जमिनीवर रांगतो. रेघेवरून फिरलेला हात तो तोंडांत घालणार, तोंच त्याच्या आत्यानें धरिला. असल्या खडूंत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखीं कीटकनाशकें असतात आणि दिसावयास तो पाटीवरच्या खडूसारखाच असतो. आम्ही तो त्याच दिवशीं घराबाहेर काढिला.

मुंग्या दिसल्या म्हणजे घर अस्वच्छ, हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. पावसाचें पाणी बिळांत शिरूं लागलें कीं त्या कोरड्या जागेकडे धांवतात. तोंडांत धरून नेतात ते पांढरे कण पुष्कळदां अंडीं नसून अळ्या व कोश असतात. आम्ही भिंग घेऊन रांगेचा माग काढीत गेलों, तों ती देवघरामागील भिंतीच्या फटीपाशीं पोहोंचली. देवघराची झाडलोट मातोश्री स्वतः करितात व ती निर्दोष असते. ठपक्याचा विषय तेथेंच मिटला.

रांग होती ती फिकट पिवळ्या, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या मुंग्यांची. हिला फॅरो मुंगी म्हणतात. लांब पायांची, वेडीवांकडी पळणारी काळी मुंगी निराळी. अंगणांतील डंख करून फोड आणणारी लाल मुंगी निराळी. आणि तुळशीवर माव्याचा गोड रस चाटीत फिरणारा मुंगळा तर आणखीच निराळा. वाळवी ही मुंगीच नव्हे. शास्त्रज्ञ तिला झुरळांच्या कुळांत बसवितात. (आपण ज्याला वल्मीक म्हणतों, तें मोठें वारूळही मूळचें वाळवीचेंच बांधकाम.) पावसाच्या आरंभीं पंखवाले किडे दिव्याभोंवतीं जमले, तर कंबर पहावी. मुंगीची कंबर बारीक व पुढचे पंख मागच्यांहून मोठे. वाळवीची कंबर जाड आणि चारी पंख सारखे. कंबर जाड निघाली, तर दारें-चौकटी व पुस्तकांचें कपाट तपासण्यास उशीर करूं नये.

रांगेंत दिसतात त्या अन्न शोधणाऱ्या कामकरी मुंग्या. राण्या बिळांत असतात. फवाऱ्यानें रांग मरते, वसाहत मरत नाहीं. फॅरो मुंगीच्या वसाहतींत राण्या अनेक असल्यामुळें ती फवाऱ्यानें फुटून घरभर पसरते. म्हणून विष सावकाश मारणारें हवें, म्हणजे तें बिळांत जाऊन तोंडोतोंडीं वांटलें जातें. आम्ही कपभर पाण्यांत दोन मोठे चमचे साखर आणि एक सपाट चहाचा चमचा टांकणखार, म्हणजे वैद्यकांतील टंकण, विरघळविला. त्यांत भिजविलेला कापूस भोंकें पाडलेल्या झांकणाच्या डबींत घालून ती डबी देवघरावरील उंच फळीवर, रांगेच्या वाटेंत ठेविली. टांकणखारही पोटांत गेला तर बाधतो. मुलांचा हात पोहोंचेल तेथें ती डबी ठेवूं नये. पहिले दोन दिवस डबीवर गर्दी दुप्पट झाली, तेव्हां मातोश्रींनीं “आतां पोसा त्यांना!” म्हणून आम्हांस ऐकविलें. सुमारें दोन आठवड्यांनीं रांग नाहींशी झाली. मग फट सिमेंटनें बुजविली आणि ओटा साबणाच्या पाण्यानें पुसला, कारण मुंग्या मागें ठेवितात तो वासाचा माग त्यानें जातो. हें पुसणें डबी लावण्यापूर्वीं करूं नये, नाहींतर डबीची वाटच मोडते.

जाळीच्या कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत चांगली. मात्र त्याच पाण्यांत डेंग्यूचा डांस अंडीं घालतो. आठवड्यांतून एकदां वाट्या घांसून पाणी बदलावें.

अंगणांतल्या मुंगळ्यांस आम्ही हात लाविला नाहीं. त्यांना पीठसाखरेची चिमूट घालण्याचा मातोश्रींचा नेम आहे. पूर्वीं ती मागच्या पायरीवर पडे. आतां आंब्याखालीं पडते. ती स्वतःच नेऊन घालावयाची असा त्यांचा आग्रह असल्यामुळें, पावसाळ्यांत त्यांचा हात धरून तेथवर जाण्याचें काम आमच्याकडे आलें आहे.