विमान परत आणायचं नाही

पहूर, ता. जामनेर

चि. ताईस,


काल फोनवर तू विचारलंस, 'मामा, सोलो उड्डाणात इंजिन बंद पडलं तर विमान गोंदूरच्या विमानतळावर परत कसं आणायचं?' तेवढ्यात तुझ्या आईनं फोन घेतला, म्हणून उत्तर आज लिहितो. आणायचं नाही.

वायुदलात माझा जन्म इंजिनं उघडण्यात गेला, विमानाची माया मला तुझ्यापेक्षा जास्त. तरी सांगतो, इंजिन थांबलं त्या क्षणी विमानाचा हिशेब संपला. निफाड तालुक्यात शिरसगावला 4 जून 2024 ला सुखोई पडलं. शेकडो कोटींचं यंत्र सोडून दोघे वैमानिक सीटसकट बाहेर उडाले आणि वाचले. तुझ्या सेसनाला तशी सीट नाही. तुला शेतच शोधावं लागेल.

उड्डाणानंतर चार-पाचशे फुटांवर इंजिन गेलं, तर मागची धावपट्टी बोलावते. वळू नकोस. वळणात उंची जाते, वेग पडतो, पंखांची उचल जाऊन विमान स्टॉल होतं आणि सावरायला खाली जागाच उरत नाही. नाक खाली, समोर जे असेल ते. उंची असेल तर सेसना उंचीच्या साधारण नऊपट तरंगते, म्हणजे हजार फुटांवरून पावणेतीन किलोमीटर. 2009 मध्ये न्यूयॉर्कला इंजिनं बंद पडल्यावर वैमानिक सलनबर्गर यांनी विमानतळ सोडून हडसन नदी धरली. 155 माणसं जिवंत, विमान कायमचं बाद. नंतर सिम्युलेटरवर पाहिलं, तर लगेच वळलेलं विमान काही वेळा धावपट्टीवर पोचलं, पण विचाराला 35 सेकंद दिल्यावर पडलं.

शेत निवडताना तारा आणि विहिरी आधी बघ, आपल्याकडे कित्येक विहिरींना कठडा नसतो. कपाशीत ओळींना धरून उतर, आडवी नको. पावसानंतरच्या काळ्या रानात चाकं रुततील, विमान उलटेलही. चाकं मोडू देत, पंख बांधाला लागू दे. जेवढा पत्रा चुरगळतो तेवढा धक्का तुझ्यापर्यंत कमी येतो. मात्र टेकताना वेग कमी हवा. वेग निम्मा झाला की धक्क्याची ताकद चौथाईवर येते.

मला काळजी वेगळीच आहे. दाजींनी कर्ज काढून फी भरलीय, आणि आपल्या घरात फुटलेली कपबशीसुद्धा चार दिवस बोलली जाते. नेमक्या वेळी तुला नुकसानभरपाई आठवेल, शिकवणाऱ्या साहेबांचा चेहरा आठवेल. दाजींशी मी बोललोय. 'विमानाचं काय ते बघू, पोरगी घरी येऊ दे,' एवढंच म्हणाले.

जुलै 2021 मध्ये चोपड्याजवळ वर्डीला शिकाऊ विमान पडलं. त्यात शिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. डोंगरातून तिला न्यायला स्ट्रेचर कुठलं? एका भिल्ल बाईनं अंगावरचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी केली. विमानाचे तुकडे तिथेच पडून होते.

पुढच्या उड्डाणाला शिक्षकांना सांग, सरावासाठी न कळवता थ्रॉटल मागे ओढा म्हणावं. शेत ठरवलंस की बदलू नकोस.

तुझा,
मामा