बाळ सांभाळणारीचं बाळ

सकाळी आठच्या सुमारास बेंगळुरूत बेळंदूर, सर्जापूर रोडच्या मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर बायांची रांग लागते. मोबाइल अ‍ॅपवर नोंद झाली की आत सोडतात. बऱ्याच जणी धुण्याभांड्यांना येतात, काही दिवसभर मूल सांभाळायला.

अशी रायचूरकडची एखादी अक्का मराठी घरातल्या आठ महिन्यांच्या बाळासाठी नाचणीची 'सरी' करते. मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. वाटी निवेपर्यंत बाळ कडेवर. दीड-दोन वर्षांचं झालं की तेच पोर आईकडे मराठीत हट्ट करतं आणि अक्काला कन्नडमध्ये 'बेडा' (नको) म्हणून घास परतवतं.

या घरातल्या आईला कायद्याचा आधार मिळाला. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. ती रजा संपते तेव्हा अक्काचं काम सुरू होतं. अक्काला मात्र यातलं काहीच नाही, कारण घर ही कायद्याच्या लेखी आस्थापना नव्हे. तिचं स्वतःचं धाकटं बहुधा गावी आजीपाशी असतं, नाहीतर खोलीवर मोठ्या बहिणीच्या गळ्यात. त्या बहिणीची शाळा बुडते, ती वेगळीच.

कर्नाटकाने 2004 मध्येच घरकाम किमान वेतनाखाली आणलं. पण दाराआड ते वेतन तपासायला जातं कोण?

मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली, तर एका बाईने ती सांभाळायची आणि माती उपसणारीइतकीच मजुरी घ्यायची. बांधावर जे मान्य झालं, ते बाराव्या मजल्यावर का अडावं? कर्नाटकाच्या 2023-24 च्या अर्थसंकल्पातली 'कूसिना मने' पाळणाघरंही ग्रामपंचायतींपुरतीच. जिथे क्लबहाउस आणि पोहण्याचा तलाव आहे, त्या सोसायटीने तळमजल्यावरची एक खोली या बायांच्या मुलांसाठी उघडावी आणि तिथल्या सांभाळणारीचा पगार देखभाल-खर्चातून द्यावा. कायद्याची वाट न पाहता हे पुढच्या सर्वसाधारण सभेत ठरवता येईल.