हौदातले मीठ

लेकीकडे सिडनीला गेलो की माझी कामे ठरलेली असतात. भाजी निवडणे, नातीला मराठी वाचायला बसवणे आणि संध्याकाळी मागच्या अंगणातल्या हौदात पडलेली निलगिरीची पाने लांब दांड्याच्या जाळीने काढणे. हौद म्हटले की नात हसते. "आजोबा, पूल म्हणा, पूल!" पण आमच्या गावाकडे चौकोनी बांधून पाणी साठवले की तो हौदच, मग त्यात कोणी पोहो नाहीतर म्हशीला पाजो. ४५ हजार लिटरचा हौद. भोवती कमरेच्या वर येणारे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक. लहान मुले पाण्यात जाऊ नयेत म्हणून तिथे ते कायद्यानेच लागते.

कुंपणाच्या बाहेर एक छोटी पत्र्याची शेड. तिच्यात पंप, गाळणी आणि दोन कॅन. एकात पातळ क्लोरीन, दुसऱ्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड. क्लोरीन कशाला, हे सांगायला नको. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, त्यातलाच प्रकार. ॲसिड कशाला, तर पाण्याचा सामू खाली आणायला. सामू ७.२ ते ७.६ च्या आसपास असला तर क्लोरीन नीट काम करतो, फार चढला तर क्लोरीन असूनही नसल्यासारखा. सामू हा शब्द मी किती वर्षांनी लिहितो आहे! शाळेत असताना रोजचा होता. मी खरे तर मराठी घेऊन बी. ए. झालेला, पण आमच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक टिकत नसत. बदली होऊन जात, आणि मग हेडमास्तर माझ्याकडे बघत. असे करता करता आठवी-नववीचे विज्ञान मी जवळजवळ वीस वर्षे शिकवले.

हे सगळे सांगतो आहे कारण पुढे जे घडले त्यात माझी मास्तरकीच आडवी आली.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. तिकडे तेव्हा भर उन्हाळा. जावई दोन दिवस कामासाठी बाहेरगावी गेले होते आणि पाणी किंचित हिरवट दिसू लागले होते. त्यांचा फोन आला. "बाबा, जमेल का तुम्हाला? ऊन उतरल्यावर आधी ॲसिड टाका, मग तासाभराने क्लोरीन. मापाचा मग शेडमध्येच आहे." न जमायला काय झाले? मी म्हटले, निश्चिंत राहा.

ॲसिड मी अगदी नियमाने टाकले. पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी घालू नये, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! पंप चालू ठेवून, वाऱ्याकडे पाठ करून, कडेकडेने धार सोडली. मगाच्या तळाशी बोटभर ॲसिड उरले. मोजून पाहिले तर पुरेसे झाले होते. उरलेले फेकायचे कशाला, नंतर लागले तर असू दे, म्हणून मग तसाच शेडमध्ये ठेवला. ही आमच्या पिढीची सवय. शिल्लक राहिलेले टाकवत नाही.

तासाभराने परत गेलो. अंधारून आले होते. मग रिकामाच आहे असे धरून चाललो आणि कॅन तिरपा करून त्यात क्लोरीन ओतला.

फस्स झाले. पिवळसर हिरवी वाफ तोंडावर आली आणि श्वास तिथेच अडकला. कॅन हातातून सुटला. डोळे मिटलेले, घसा भाजल्यासारखा. मी धडपडत मागे सरकलो आणि पाहतो तर नात पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडेच धावत येत होती. "घरात जा!" एवढेच दोन शब्द निघाले, तेही खोकल्यात. ती थबकली, रडायला लागली आणि आत पळाली. मोकळी जागा होती, वारा होता, म्हणून निभावले. लेकीने फोन करून विचारले, मग इस्पितळात नेले. तीन-चार तास तिथे बसवून घेतले आणि सोडले. खोकला मात्र दहा-बारा दिवस पुरला.

आता गंमत बघा. विरंजक चूर्णावर सौम्य आम्लाची क्रिया केली असता क्लोरीन वायू बाहेर पडतो, हे मी मुलांकडून पाठ करून घेतलेले आहे. तो हवेपेक्षा जड असतो, विषारी असतो, पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर तो सैनिकांवर सोडला होता, हेही रंगवून सांगत असे. प्रश्नपत्रिकेत 'कारणे द्या' मध्ये घालत असे. पण ते वाक्य माझ्या तोंडात होते, हातात नव्हते. शेडमधला पांढरा कॅन म्हणजे विरंजक चूर्णाचाच भाऊ, आणि मगातले बोटभर पाणी म्हणजे आम्ल, हे त्या क्षणी डोक्यात आलेच नाही.

परतताना गाडीत नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही सायन्स शिकवायचात ना?" तिच्या मनात खोट काही नव्हती. पण मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, आता शेडकडे जायचे नाही." आवाज शांत होता. त्याच दिवशी शेडला आकड्यांचे कुलूप लागले. ते नातीसाठी आहे, असे ती म्हणाली. आकडा मला कोणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. पाने काढायची जाळी तेवढी बाहेर राहिली.

आठवडाभरात घरात ठरले की हौद मिठाच्या पद्धतीवर न्यायचा. ऑस्ट्रेलियात ही पद्धत फार वर्षांपासून रुळलेली आहे. लेकीच्या मनात एकच होते, ते कॅन घरातून गेले पाहिजेत. मलाही बरे वाटले. मी नातीला समजावलेसुद्धा, की बघ, लोणचे कसे मिठाने टिकते, तसे आता पाणी मिठाने टिकणार, क्लोरीनची कटकटच नाही!

हेही चूकच निघाले. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने मला जंतू मारायला किती मीठ लागेल ते विचारले आणि स्वतःच हसला. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. इस्पितळातल्या सलाईनमध्ये ९ ग्रॅम. आणि या हौदात ठेवायचे फक्त ४ ग्रॅम. म्हणजे आसवांच्या निम्म्याहूनही कमी खारट. एवढ्या मिठाने लोणचे तर दोन दिवसांत नासेल. मीठ जंतू मारत नाही. जंतू मारतो तो क्लोरीनच, आणि तो त्या मिठापासून जागच्या जागी तयार होतो. मिठाचा हौद हा क्लोरीनचाच हौद असतो.

कसा, तर गाळणीतून पाणी बाहेर पडते त्या नळीचा तुकडा त्याने कापला आणि तिथे एक पारदर्शक नळकांडे बसवले. आत टायटॅनियमचे पातळ पत्रे, त्यांच्यावर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा मुलामा. भिंतीवर एक पेटी, ती कमी दाबाची एकदिश वीज त्या पत्र्यांना पुरवते. धनाग्रापाशी क्लोरीन तयार होतो आणि पाण्यात विरघळून कामाला लागतो, ऋणाग्रापाशी हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. क्लोरीनचे काम झाले, की त्याचे पुन्हा मीठ होते आणि ते पाणी फिरून नळकांड्यात येते. त्यामुळे मीठ संपत नाही. पोहणाऱ्यांबरोबर पाणी बाहेर उडाले, गाळणी धुताना गेले किंवा पावसाने हौद भरून वाहिला, तर तेवढेच कमी होते.

विद्युत अपघटन! खडूने दोन उभ्या रेघा, एकीवर अधिक, दुसरीवर उणे, आणि मधे बाण. वीस वर्षे मी ते फळ्यावर काढले. आमच्या प्रयोगशाळेत उपकरण होते, पण बॅटरी कधी चालली नाही. आणि आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी लेकीच्या अंगणात ते डोळ्यांसमोर चालू होते.

मिठाचा हिशेबही मजेशीर. ४५ हजार लिटरला चार ग्रॅमप्रमाणे १८० किलो, म्हणजे वीस किलोच्या नऊ गोण्या. पण पाण्याचा नमुना दुकानात तपासून आणला तर लिटरला एक ग्रॅम मीठ आधीच निघाले. इतकी वर्षे ओतलेला क्लोरीन शेवटी मीठच होऊन राहिला होता. म्हणून सातच गोण्या लागल्या. त्या उथळ बाजूला रिकाम्या केल्या आणि मीठ तळाशी बसू नये म्हणून ब्रशने ढवळायचे काम मला आणि नातीला मिळाले. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे एक अख्खा दिवस, यंत्र बंद ठेवून नुसता पंप चालवला. दुसऱ्या दिवशी बटण दाबले आणि नळकांड्यात पांढऱ्या धुरासारखे बारीक बुडबुडे उठले. मी किती वेळ तिथे उभा होतो कोण जाणे.

त्या संध्याकाळी नातीला अंगणात बसवले. एका पेल्यात मीठपाणी, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, नऊ व्होल्टची बॅटरी आणि वायरचे दोन तुकडे. दोन्ही शिशांवर बुडबुडे आले. तिने दुरून वास घेतला आणि ओरडली, "पूलचा वास!" मी म्हटले, हाच तो. थोडा असला तर पाणी राखतो, आणि एकदम खूप झाला तर काय होते ते तू पाहिलेस. माझ्या हातून काय चुकले, कोणते दोन पदार्थ एकत्र आले, हेही तिला सांगितले. गाडीतल्या प्रश्नाचे उत्तर मी असे महिन्याभराने दिले.

फायदे-तोटे म्हणाल तर दोन्ही आहेत. क्लोरीन दिवसभर थोडा थोडा पडत राहतो, त्यामुळे नातीचे डोळे पूर्वीसारखे लाल होत नाहीत. तलावाला येणारा तो उग्र वास फार क्लोरीनचा नसून घाम-लघवीशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो, हे कळल्यावर ती पोहण्याआधी न सांगता अंघोळ करते. उलट बाजूला, पत्र्यांवर चुन्याचे थर बसतात, काही वर्षांनी नळकांडे बदलावे लागते आणि ते स्वस्त नसते. शिडीचे लोखंड आणि काठाचा दगड गोड्या पाण्याने धुवावा लागतो. लेकीच्या मोगऱ्याला हौदाचे पाणी चालत नाही. आणि मुख्य म्हणजे सामू पूर्वीपेक्षा जास्त चढतो. म्हणजे ॲसिडचा कॅन शेडमध्ये राहिला तो राहिलाच!

हे कळल्यावर लेकीचा चेहरा उतरला होता. पण मी विचार करत बसलो तेव्हा वाटले, खरा फायदा इथेच आहे. एक कॅन राहिला, पण त्याचा शेजारी गेला. क्लोरीन आता साठवून ठेवायचा नाही. लागेल तेवढा, लागेल तिथे, पाण्यातच होतो आणि पाण्यातच संपतो. अंधारात एखाद्या म्हाताऱ्याचा हात चुकला, तरी चुकीची भेट व्हायला दुसरा कॅनच नाही. माणसाला शहाणे करणे मला छत्तीस वर्षांत पुरते साधले नाही. पण चूक घडायला जागाच कमी ठेवता येते, हे त्या यंत्राने शिकवले.

रोज पाणी तपासून वहीत टिपायचे काम मी मागून घेतले. तारीख, क्लोरीन, सामू, पाऊस. जावई ऑफिसमधून आले की आधी वही बघत.

एप्रिलमध्ये परत निघायच्या आदल्या आठवड्यात सामू ७.९ आला. जावई बाहेर होते. लेकीने वही पाहिली, थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, ॲसिड तुम्ही टाकता का? मी उभी राहते." आणि कुलपाचा आकडा सांगितला.

उजेड होता. मी चष्मा लावला, मोजे घातले, मोजून तेवढेच घेतले आणि कडेकडेने सोडले. मगात थेंबभर उरले होते. ते हौदातच ओतले आणि मग तीन वेळा विसळून पालथा घातला. लेक काही बोलली नाही. कुलूप लावून आम्ही दोघे चहाला आत आलो.