आधी तुळया, मग नकाशा

घरकुलाचा पहिला हप्ता खात्यात पडला, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आधी जुनं घर पडतं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. ते बांधायला दुसरी जागा बहुतेकांकडे नसते, म्हणून आहे ते उतरवायचं. मातीच्या भिंती, त्यांवरचे सागवानी वासे, त्यांवरचे कवेलू, दारं, चौकटी, जोत्याचा दगड असं सगळं चार-सहा दिवसांत अंगणात येऊन पडतं. होळी झाल्यावर आणि मिरगाच्या आधी घाटंजी, आर्णी, केळापूर अशा कोणत्याही तालुक्यात मोटारसायकल काढून फिरा. असा एखादा ढीग दिसल्याशिवाय राहणार नाही. माझं काम त्या ढिगापासून सुरू होतं.

मी छोटी घरं बांधतो. तीनशे-साडेतीनशे फुटांच्या आतली. शेतात राहायला जाणाऱ्या निवृत्त मास्तरांची, एकट्या बाईमाणसाची, पुण्याहून परत आलेल्या एखाद्या पोराची. यातली निम्मी माणसं फोनवर 'टायनी हाउस'चे व्हिडिओ बघून येतात. चाकांवरचं घर, जिन्याच्या पायऱ्यांत कपाट, माळ्यावर गादी. यवतमाळच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर झोपून दाखवा म्हणावं! इकडे कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, माणसं पिढ्यान्‌पिढ्या एवढ्याच जागेत, बांबूच्या कुडावर माती लिंपून राहत आली. त्याला कोणी चळवळ म्हटलं नाही.

जुन्या मालाचं घर उलट्या क्रमाने बांधावं लागतं, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. तो नकाशा घेऊन येतो: दहा बाय बाराची खोली, तीन बाय चारची खिडकी. मी म्हणतो, नकाशा राहू द्या. आधी तुळया मिळू देत. कारण जुन्या घरातून निघालेली तुळई तुमच्या खोलीसाठी लांब होत नाही. ती दिसते दहा फूट, पण तिची दोन्ही टोकं कित्येक वर्षं भिंतीत गाडलेली असतात. पावसाची ओल तिथेच मुरते, उधई तिथूनच चढते. टोकं कापली की हाती साडेआठ फूट उरतं, आणि त्यातलंही वीतभर पुन्हा दोन्ही भिंतींवर टेकायला लागतं. म्हणजे खोलीची रुंदी ठरली. मग लांबी त्याच मापाच्या किती तुळया जुळतात त्यावर. जुने वाडेसुद्धा असेच लाकडाच्या मापाने खणाखणांत मोजलेले असत. आमच्या आजोबांच्या पिढीला घर किती फुटांचं ते सांगता आलं नसतं. किती खणांचं ते लगेच सांगितलं असतं.

म्हणून माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात कुठे काय पडून आहे त्याची मापं असतात, भाव नंतर. चौकट आतून किती, बाहेरून किती, खांबाचा घेर बुडाशी किती आणि शेंड्याशी किती. एकाच घरातून निघालेला माल एकत्र घ्यावा, हा माझा आग्रह. सुतार एक, हात एक, जाडी एक. त्यामुळे सांधे जुळतात. पाच गावांतून पाच तुळया आणल्या, तर त्यांना एका पातळीत आणता आणता सुतार मेटाकुटीला येतो.

लाकूड पारखायचं म्हणजे आधी विकणाऱ्याचं बोलणं बाजूला ठेवायचं. त्याच्या लेखी घरातलं प्रत्येक लाकूड सागवान असतं. प्रत्यक्षात साग दारं-चौकटींत आणि तुळयांत. खांब बरेचदा ऐनाचे किंवा धावड्याचे, वासे तर हाताला लागेल त्याचे. यात फसवणूक नसते. बापाने सांगितलेलं लेक सांगतो. ऐन सागापेक्षा जड, रंगाने काळपट. खिळा घेत नाही, पण आत कोरड्यात खांब म्हणून उभा केला तर कुरकूर नाही. साग ओळखायला रंध्याचा एक हात पुरे. वरची काळी, धुरकट साल निघाली की खाली सोनेरी रंग आणि तो तेलकट वास येतो. शंभर वर्षांनीही येतो. मग पेचकसाने टोचून बघायचं, विशेषतः कडेच्या पांढुरक्या भागात. किडा तिथे आधी शिरतो, आतल्या गाभ्याला सहसा हात लावत नाही. हातोडीचा उलटा ठोका मारत टोकापासून टोकापर्यंत जायचं. आवाज बद्द झाला तिथे खडूची खूण.

आणि खिळे. आरामशीनवाला जुनं लाकूड बघितलं की हात जोडतो, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा त्याच्या पात्याचे दात नेतो. त्याचं चुकत नाही. लोहचुंबक फिरवून, प्रत्येक खिळा उपटून, मगच त्याच्या दारात जावं. खिळे उपटणं हे या धंद्यातलं सगळ्यांत कंटाळवाणं काम, आणि नेमकं तेच हिशेबात कोणी धरत नाही. 'जुनं म्हणजे स्वस्त' हा समज तिथेच फुटतो. लाकूड नव्याच्या निम्म्या भावात येतं खरं, पण सुताराची मजुरी वाढते. एकूण बचत होते, मात्र गिऱ्हाईक मनात धरून आलेलं असतं तेवढी नाही.

आणखी एक कटकट परवान्याची. साग जंगलातला असो की माजघरातला, ट्रॅक्टरवर चढून रस्त्याला लागला की नाक्यावर विचारणा व्हायचीच, आणि यवतमाळसारख्या सागाच्या जिल्ह्यात ती व्हायलाही हवी. घरमालकाचं पत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, पाडण्याआधी उभ्या घराचे फोटो एवढं घेऊन आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जावं आणि वाहतुकीचं काय लागेल ते विचारून घ्यावं. रात्री गुपचूप माल हलवणाऱ्याकडून मी लाकूड घेत नाही. ते कोणत्या घरातून निघालं, की निघालंच नाही, हे सांगता येत नाही.

याच कारणाने शकुंतलेचे रूळही घेत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरची ही अडीच फुटी रुळांची गाडी १९०३ सालची, १९९४ पर्यंत वाफेवर चालणारी. ती थांबल्यापासून शहरातल्या गिऱ्हाइकांना तिच्या रुळांची भारी आस. खोलीत मधोमध रुळाची तुळई, वर पिवळा बल्ब! गाडी बंद पडली म्हणून रूळ बेवारस होत नाहीत. रेल्वेचं भंगार लिलावात निघतं, पावतीने मिळतं. पावती नसलेलं लोखंड दारात नको. आणि लाकडी स्लीपर तर पावतीने मिळाले तरी घरात घालू नयेत. त्यांना डांबरी तेल पाजलेलं असतं, उन्हात ते सुटतं आणि लहानशा बंद खोलीत त्याचा वास डोक्यात जातो. बाहेर पायऱ्यांना ठीक.

जुन्या मालात अशी काही विषं दडलेली असतात, आणि घर जितकं लहान तितकी ती अंगाशी जवळ. दारांवरचे तैलरंगाचे जुने थर सुके घासायचे नाहीत. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात काय होतं ते रंगवणाऱ्यालाही ठाऊक नसे. ओलं करून, तोंडाला फडकं नव्हे तर नीट मास्क बांधून, लेकराबाळांना लांब ठेवून खरवडावं. जुने सिमेंटचे पत्रे मी फुकटही घेत नाही. त्यात अॅस्बेस्टॉस असतं, आणि ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसातून परत येत नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. शंभर वर्षांचा वाडा आठवड्यात सुटा होतो आणि पस्तीस वर्षांचं सिमेंटचं घर नुसतं फुटतं, असं का? वाड्याची वीट मातीत किंवा चुन्यात बसवलेली असते. चुना विटेपेक्षा मऊ. हातोडीच्या दोन ठोक्यांत वीट मोकळी, खरवडली की नव्यासारखी. सिमेंटचा माल आमच्या भट्टीच्या विटेपेक्षा टणक होतो. ठोका मारला तर जोड तसाच राहतो आणि वीट मधून तुटते. लाकडाचंही तेच. जुना सुतार सालकुसूचा जोड करून त्यात लाकडी खुंटी मारायचा. खुंटी उलटी ठोकली की तुळई खांबावरून उचलून घ्यायची. मी पाडण्याआधी प्रत्येक जोडावर गेरूने आकडे घालतो, कारण ते लाकूड दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तसंच उभं राहू शकतं. स्लॅब पाडला की उरतो मलबा आणि वाकड्या सळया. सळया भंगारात जातात, मलबा रस्त्याच्या खड्ड्यात.

म्हणून मी नव्या भिंतीही चुन्यात बांधतो. वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, चुना आणायला लांब जावं लागत नाही. अडचण असते गवंड्याची. तरुण गवंड्याला चुना म्हणजे सफेदी एवढंच ठाऊक, आणि वाळायला लागणारा वेळ त्याला परवडत नाही. काळ्या मातीच्या जमिनीत चुन्याचा आणखी एक फायदा असा, की पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चुन्याची भिंत थोडी हलून सावरते. पाया मात्र मुरूम लागेपर्यंत खोदायचाच. त्याला जुना-नवा पर्याय नाही. विटांना दोन परीक्षा पुरतात. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज आला पाहिजे, आणि रात्रभर पाण्यात ठेवली तर वीट फुसफुशीत व्हायला नको. जोत्याजवळच्या, लोणा लागून पांढऱ्या झालेल्या विटा घेऊ नयेत. तो क्षार नव्या भिंतीतही फुलतो.

कवेलूंबद्दल माझं मन दोन बाजूंना ओढतं. इंग्रजी कवेलूखालची खोली आणि पत्र्याखालची खोली यांतला फरक पंचेचाळीस अंशांत कोणाला समजावावा लागत नाही. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कवेलू लागतात आणि गावोगाव ते अंगणात रचून पडलेले आहेत. पण लोकांनी ते उगाच उतरवलेले नाहीत. वानरं! त्यांची टोळी एकदा छपरावरून गेली, की पावसाळ्याआधी सगळं छप्पर फेरावं लागतं, आणि कवेलू फेरणारी माणसं आता गावात उरली नाहीत. मी सुचवतो ते असं: वासे जवळजवळ घ्या, कवेलूंखाली जुन्या लाकडाच्या पट्ट्यांचा पाट करा, फुटले तरी गळणार नाही असा एक थर मध्ये द्या आणि शे-दीडशे कवेलू जास्तीचे मागे रचून ठेवा. तरीही ज्यांच्या आवारात आंबा-चिंच छपरावर झुकलेली आहे, त्यांना मी पत्राच घालायला सांगतो.

हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकानेही १८४५ मध्ये वॉल्डनच्या तळ्याकाठी असंच छोटं, दहा बाय पंधरा फुटांचं घर बांधलं, ते एकांतासाठी प्रसिद्ध आहे. मला त्याने त्यावर लिहिलेल्या पुस्तकातलं हिशेबाचं पान जास्त प्रिय. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला फळ्यांसाठी विकत घेतली. फळ्या उन्हात गवतावर पसरून सरळ होऊ दिल्या. दोन जुन्या खिडक्या, हजार जुन्या विटा. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्या वाहून नेत होता तेव्हा शेजाऱ्याने चांगले खिळे लांबवले, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. हा माणूस आमच्या जातकुळीचा, एवढं त्यावरून कळतं. पण ज्या मजुराची झोपडी मोडली तो बायकापोरांना घेऊन, एका गाठोड्यात संसार बांधून सकाळीच निघून गेला, आणि पुढे त्याचं काय झालं ते त्या पुस्तकात नाही.

आमच्याकडे मात्र तो माणूस तिथेच असतो. ढिगाशेजारी बसून बिडी ओढत असतो. मैदानी भागात घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. स्लॅबपर्यंत येता येता ते संपतं आणि सळईचे पैसे द्यायला तो तुळया विकायला काढतो. दलाल नेमका तेव्हाच येतो. कोरीव दाराला नागपूर-हैदराबादपर्यंत गिऱ्हाईक आहे, हॉटेलात भिंतीला टेकवून ठेवायला. साध्या, सरळ, निरोगी तुळईला मात्र जळणाचा भाव. मी घर पाडायच्या आधी जातो, उभ्या घरातच माल बघतो आणि तुळईचा भाव फुटावर सांगतो, ढिगावर नाही. आणि प्रत्येकाला एक सांगतो: चार तुळया आणि एका पाख्यापुरते कवेलू ठेवून घ्या, घरकुलाला मागून पडवी काढा. बरेच जण ऐकतात. उन्हाळ्यात त्यांची खाट त्या पडवीतच असते, स्लॅबखाली नसते.

म्हाताऱ्या बायांशी घासाघीस करायची नाही, हा माझा नियम, जमतही नाही. कळंबकडच्या एका घरात चौकटीचा सौदा ठरला, पैसे दिले, आणि आजी दारात येऊन म्हणाल्या, "चौकट ने बाप्पा, पन उंबरठा नाई द्यायचा. लक्ष्मी त्याच्यावरून आत आली, ते कशी इकू?" लेक ओशाळला. मी उंबरठा सोडवून त्यांच्या नव्या घराच्या दारात बसवून दिला. सिमेंटच्या चौकटीत तो बोटभर आखूड पडला. मिस्त्रीने कडेला माल भरला. माझ्या गिऱ्हाइकाच्या चौकटीला खालून ऐनाची पट्टी लागली.

जुनी दारं साडेपाच फुटांची असतात, हेही आधीच सांगून ठेवावं लागतं. आता सहा फुटी पोरं त्यातून वाकून जातात आणि दोन दिवस कपाळ चोळतात. मी चौकट जोत्यावर वीतभर उचलतो आणि वर काचेची झडप देतो, उजेडही येतो. सध्या दिग्रसकडच्या एका कामासाठी उभ्या लोखंडी गजांच्या, दुहेरी झडपांच्या सागवानी खिडक्या शोधतो आहे, सव्वातीन फूट उंचीच्या. दोन मिळाल्या आहेत, पुसदच्या एका वाड्यातल्या. तिसरी मिळेपर्यंत उत्तरेची भिंत अडून आहे. गिऱ्हाइकाचा रोज फोन येतो: "भाऊ, नवीन बनवून टाकू का एक?"

मी म्हणतो, मिरगापर्यंत थांबा.